कोलूच्या वाट्याचं सोनं

बुधरीला कुणी नवख्यानं विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" तर ती सरळ सांगायची, "मेलेल्या माणसाले तोंड देतो." विचारणारा चपापायचा आणि एक पाऊल मागं सरायचा. मग ती पदर तोंडाला लावून हसायची. "भेऊ नका, भाऊ. तुमचं तं शाबूत हाय अजून."

पण त्यात खोटं काही नव्हतं. कोसमटोल्याची रीतच तशी. चांदा जिल्ह्याच्या जंगलात, गडचिरोलीहून बैलगाडीनं दिवसभर गेलं की हे गाव लागायचं. पुढं धानाच्या बांध्या, मागं वाघोबाचा डोंगर, आणि डोंगरातून उतरणारा नाला. त्या नाल्याच्या वाळूत सोनं होतं. आता सोनं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे लगेच मोठे होतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवसभर पाण्यात वाकून वाळू धुतली तर मोहरीहूनही बारीक कण हाती यायचा, नाही तर तोही नाही. त्या सोन्यावर कुणाच्या कुडाच्या भिंती विटांच्या झाल्याचं गावानं पाहिलं नव्हतं.

बुधरीचं घर सोनझऱ्याचं, म्हणजे वाळूतून सोनं धुणाऱ्यांचं, गावात एकटंच. गावात कुणी मेलं की पहिला सांगावा तिच्या दारात यायचा. ती लाकडाची काथवट डोक्यावर घेऊन नाल्यावर जायची, मेलेल्याचं नाव घेऊन वाळू धुवायची आणि निघालेला कण पानाच्या द्रोणात पाण्यासकट आणून त्याच्या जिभेवर सोडायची. मगच माती द्यायची. का? तर मेलेला माणूस पूर्वजांच्या वेशीवर पोचला की त्याला नाव विचारतात, आणि मेलेल्याची जीभ तर मातीची झालेली असते. तिच्यावर सोनं असेल तरच ती हलते. नाव सांगितलं की माणूस आत जातो. ज्याला सांगता आलं नाही तो वेशीबाहेर उभा, मुका, कायमचा.

आणि सोनं हवं त्याच दिवसाचं. आज मेला तर आज धुतलेलं. डबीत जपून ठेवलेलं चालत नसे, बाजारातलं तर नाहीच नाही. "शिळ्या सोन्यानं दुसऱ्याचंच नाव निघते," असं बुधरीची सासू म्हणायची. सासूनंच तिला ही विद्या दिली होती, दोन शिव्या आणि एक थापट यांच्यासोबत.

बुधरी वैनगंगेच्या काठावरून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, मेल्या माणसांच्या घरात आपण सुखानं कशा नांदणार? पण नवरा मिळाला कोलू. अरे देवा, काय बोलायचा तो माणूस! वाळू उपसताना बोलायचा, जेवताना बोलायचा, झोपेतही बोलायचा. बैलाशी बोलायचा, आंब्याच्या झाडाशी भांडायचा. बुधरी वैतागून म्हणायची, "अजी, जिभेले जरा बसाले पाट द्या," की तो म्हणायचा, "बसली का मुंग्या लागते तिले." त्याच्या बोलण्याच्या नादात बुधरीची कंबर दुखायची थांबायची. तिची दोन लेकरं लहानपणीच गेली. दोन्ही वेळा तिनं स्वतःच्या हातानं त्यांचं सोनं धुतलं, आणि दोन्ही वेळा कोलू काठावर बसून त्या लेकरांशी बोलत राहिला, जणू ती ऐकत होती. जगली ती एकटी कमळा. ती राजुऱ्याकडे नांदायला गेली.

अशी वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर, चांदा अजून मध्य प्रदेशात होता त्या काळात, नाल्याच्या वरच्या अंगाला पांढरे तंबू लागले.

कशाचे तंबू ते गावाला कळलं वहाबकडून. वहाब बल्लारपूरचा, बांगड्या विकायला घोड्यावरून गावोगाव फिरायचा. बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता त्यानं सांगितलं, "सर्वेवाले हायेत. नागपूरहून आले. सोना ढूंढ रहे. भेटला तर समझो गाव गया."

"गेला म्हंजे? कुठी गेला?" पाटलीण मनकर्णेनं विचारलं.

"उठला, बाई. हमारी तरफ एक गाव होता, उसके नीचे कोळसा निकला. आज तिथं इतका मोठा खड्डा हाय की खालचा आदमी चिमणीएवढा दिसते. मसनवट्याची माती पण उपसून नेली. लोग अपने बाप की कबर खोजते फिरे."

मनकर्णेच्या हातातली बांगडी तडकली. हा वाघोबाचा डोंगर, हा नाला आणि नाल्याच्या काठावर मोहाच्या झाडाखाली पुरलेली सगळी माणसं, हे सगळं त्या खड्ड्यात जाणार होतं. बुधरीला तिची दोन लेकरं आठवली.

गावचे पाटील देवाजी. माणूस भारदस्त, पण मनानं लोण्याचा. ते चार जाणत्यांना घेऊन गडचिरोलीला जाऊन आले. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हे वरचं काम आहे, आपल्या हातात काही नाही म्हणाला. पाटील परत आले ते सरळ वाघोबाच्या दगडापाशी गेले. सगळं गाव गोळा केलं.

"त्याइले खोदू द्यायचं नाई," पाटील म्हणाले. "आणि इथी सोनं हाय हे कोणाच्या तोंडून निघालं नाई पाह्यजे. तंबू हायेत तवरी नाल्यात काथवट घालायची नाई. कोणी मेलं तरी नाई. साहेबानं एकदा धुताना पाह्यलं का खेळ खतम. घ्या शपथ."

'कोणी मेलं तरी नाई' म्हणताना पाटलांनी बुधरीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बुधरीनं दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाई धुवत." कोलूनं पण हात ठेवला. पण त्यानं शपथ घेतली तेव्हा बायका हसल्या. "अव माय, कोलूभाऊ चूप राह्यनार! मंग तं नाला बी उलटा वाह्यन!"

त्यानंतर कोसमटोल्यानं जे केलं ते एखाद्या पुढाऱ्यालाही सुचलं नसतं. सर्वेवाल्यांना गावातून दूध मिळेना, कोंबडी मिळेना, मजूर मिळेना. विचारावं तर जो तो म्हणे, "मले ताप हाय." बाहेरून मजूर आणले, त्यांनी चर खणले, तर बायका दुपारची शिदोरी घेऊन चरात उतरून बसल्या आणि एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढू लागल्या. मुकादम ओरडला. मनकर्णा म्हणाली, "ओरडा, भाऊ. आमाले ऐकाले कमी येते." आदल्या दिवशीचा खड्डा सकाळी पाहावा तर बुजलेला, वर झाडाची फांदी रोवलेली. कोणी बुजवला? "रानडुक्कर असन."

सर्वेचा साहेब वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. राक्षस असता तर दगड मारून मोकळं होता आलं असतं. हा तरुण, चष्मेवाला, नमस्कार करून बोलणारा. त्यानं कुठं तरी ऐकलं होतं की या भागात सोनं धुणारी जुनी माणसं आहेत. घरोघर फिरून तो विचारायचा, "इथे सोनझरी कोणी आहेत का?" बुधरीच्या दारातही आला. ती गोवऱ्या थापत होती. "थे काय असते, साहेब?" ती म्हणाली. काथवट मागच्या कोपऱ्यात कोंबड्यांच्या दाण्यावर झाकण म्हणून उपडी घातलेली होती.

पहिला घाव पाटलांवरच पडला. त्यांची म्हातारी आई थंडीत गेली. पाटील बुधरीच्या दारात आले, उभे राहिले आणि तसेच परत गेले. शपथ घालणाराच तो, मोडणार कशी? म्हातारीला सोन्यावाचून माती दिली. पाटलांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही आणि पुढं कधी आईचं नाव घेतलं नाही.

मग कोलूचा खोकला वाढला. आधी सगळे म्हणायचे, बोलून बोलून घसा बसला. मग रक्त पडायला लागलं तेव्हा कुणी थट्टा केली नाही. साहेबाला कळलं तसा तो स्वतः गोळ्या घेऊन आला. कोलूच्या खाटेशी बसला, चौकशी केली आणि मधेच सहज विचारलं, "बाबा, तुम्ही जुने माणूस. नाल्याच्या वाळूत कधी काही चमकताना पाहिलं?"

बुधरी चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. नाल्याबद्दल कोलूला विचारणं म्हणजे वाळक्या गवतावर निखारा टाकणं. नाला कुठं वळतो, कोणत्या वळणाला वाळू काळी होते, कोणत्या वर्षी किती पूर आला, हे सांगायला तो मरणाच्या दारातून उठून बसला असता. त्यानं तोंड उघडलं, साहेबाकडे पाहिलं, आणि खोकू लागला. खरा खोकला किती आणि सोंगाचा किती, हे बुधरीलाही कळलं नाही. साहेब पुन्हा आला, पुन्हा विचारलं, कोलू पुन्हा खोकला. ज्यानं उभ्या जन्मात एक वाक्य गिळलं नाही, तो माणूस गावासाठी मुका झाला. बुधरीनं त्याला पाणी पाजलं आणि तिला रडू आलं.

"रडतं काऊन?" तो म्हणाला. "मी जातो आता. तू मात्र नाल्यावर जाशीन नोको हं. शपथ हाय."

"नाई जात."

"माहं काही नाई." त्यानं आढ्याकडे पाहिलं. "तिथी नाव नाई सांगता येनार, येवढंच वाटते. बाहेर उभं राहाचं, आणि कोनासंगं बोलता नाई येनार. बोलल्याबिगर मी कसा राहू, अव?"

गावातल्या एकूण एक माणसाला जिनं तोंड दिलं होतं, ती आपल्या माणसाला काय सांगणार? तिनं नुसता त्याचा हात धरला. तिसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता कोलू गेला.

गावभर सांगावा गेला. बायका आल्या, त्याला आंघोळ घातली, हळद लावली. तिरडी बांधून झाली. बुधरी त्याच्या उशाशी बसून होती. ऊन अंगणात आलं, तुळशीवरून सरकलं, तरी माणसं उचलायचं नाव घेईनात. पाटील दिसत नव्हते, मनकर्णा दिसत नव्हती, आणखीही दोघंतिघं नव्हते. कोपऱ्यात उपडी काथवटही नव्हती, पण ते बुधरीच्या ध्यानात कसं यावं? तिनं विचारलं, "कोनाची वाट पाहून राह्यले?" सगळे खाली पाहू लागले.

आणि देवाजी पाटील अंगणात आले. धोतर मांडीपर्यंत ओलं, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. दोन्ही हातांच्या ओंजळीत पळसाच्या पानाचा द्रोण. मागं मनकर्णा, तिचंही लुगडं चिंब.

"घे, बुधरीबाई," पाटील म्हणाले. "सकाळपासून धुवून राह्यलो. आमाले का येते तुह्यासारखं? पण त्याचं नाव घेऊन घेऊन धुतलं. निंगाला एक कण."

"शपथ होती, पाटील!"

"माह्या मायले नाई भेटलं, थे मी सोसलं. पण ज्या घरानं साऱ्या गावाले तोंड देल्लं, त्या घरचा माणूस मुका जावा? नाई पाहावलं, बाई. डोंगर गेला तं जाऊ दे."

बुधरीनं द्रोण हातात घेतला. तळाशी कण होता, पिवळा, खरा, त्याच दिवसाचा, कोलूच्या नावाचा. आता त्याला बोलता येणार होतं. तिथं जाऊन तो त्या पूर्वजांचे कान किटवणार होता. तिला वाटलं पाटलांच्या पायावर डोकं ठेवावं. ती कोलूच्या तोंडाशी वाकली आणि तेवढ्यात कुडाच्या फाटकाशी चपलांचा आवाज झाला.

साहेब होता. टोपी काढून हातात धरलेली. कोलू गेल्याचं कळलं म्हणून भेटायला आला होता, बिचारा. पण तो आला होता नाल्याच्या वाटेनं, आणि पाटलांचं ओलं धोतर तो पाहत होता.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पाटील, सकाळपासून तुम्ही नाल्यात काय करत होतात?"

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. मनकर्णा म्हणाली, "मयताचं पाणी आनाले गेलतो."

"आणि त्यात काय आहे?" साहेब दोन पावलं पुढं आला. त्याच्या आवाजात दरडावणी नव्हती, नुसती शिकल्या माणसाची उत्सुकता होती. "मला पाहू द्याल का, बाई?"

बुधरीनं द्रोणात पाहिलं. द्रोण सांडावा तर कण मातीत पडून उन्हात चमकणार. कोलूच्या तोंडात सोडावा तर हा वाकून पाहणार, कारण त्याचे डोळे आता द्रोणावरून हलत नव्हते. आणि सोनं दिसलं की तंबू वाढणार, खड्डा पडणार, मोहाखालची लेकरं, पाटलांची माय, सगळी माती उपसली जाणार. तिनं कोलूच्या बंद ओठांकडे एकदा पाहिलं.

"तीर्थ हाय, साहेब," ती म्हणाली. "बायकोनं घ्याचं असते." आणि तिनं द्रोण ओठाला लावला आणि पिऊन टाकला.

मनकर्णेनं किंकाळी फोडली. साहेबाला वाटलं दुःखानं. तो ओशाळला, नमस्कार करून बाजूला झाला, आणि मयताला खांदा लागला तेव्हा चार पावलं बरोबर चाललासुद्धा. कोलूला मोहाखाली माती दिली, रिकाम्या तोंडानं.

होळीच्या सुमाराला तंबू उठले. गाव म्हणतं, बुधरीनं उठवले. वहाब म्हणायचा, वरून कागद आला, दुसरीकडे जास्त सापडलं. कुणाला ठाऊक? गावानं वाघोबाला बोकड कापला, ढोल वाजवले. बुधरी त्या दिवशी घराबाहेर आली नाही. तिला लोक देवीसारखं मान द्यायला लागले, आणि तिला तो मान काट्यासारखा टोचायचा. कुणी म्हणालं, "बाई, तुमीन गाव वाचवलं," की ती म्हणायची, "माणसाच्या तोंडातला घास खाल्ला मी. त्याचं का कौतुक करता?"

काम मात्र तिनं सोडलं नाही. गावात कुणी गेलं की ती पूर्वीसारखी काथवट घेऊन नाल्यावर जायची. पण वाळू उपसायला आता कुणी नव्हतं आणि नाल्यावर आवाज नव्हता. कोलूसाठी आता काही करता येत नव्हतं. त्याचा दिवस होऊन गेला होता, आणि रोज नवा कण निघाला तरी तो त्याचा नव्हता. जेवताना ती कधी मधेच थांबायची आणि घशावर हात ठेवायची.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन तीन पावसाळे झाले तेव्हा बुधरी अंथरुणाला खिळली. कमळा राजुऱ्याहून आली. मनकर्णा रात्रंदिवस बसून असायची. एका सकाळी मनकर्णेनं ओळखलं की आज काही खरं नाही. पाटलांना निरोप गेला. पाटील आले, बुधरीचा श्वास पाहिला आणि कुणाला न विचारता कोपऱ्यातली काथवट उचलून डोक्यावर घेतली.

"ठेवा थे, पाटील," बुधरी म्हणाली.

"बाई, आता शपथ नाई. तंबू नाई. तुले मी मुकी जाऊ देनार नाई."

"मुकी कायची? मी सोनं खाऊन बसली हाओ." तिला दम लागला. कमळानं तिला उचलून भिंतीला टेकवलं. "थे त्याचं हाय. त्याच्या नावानं धुतलेलं. तुमीन माह्या नावाचं आनलं तं माह्या तोंडून माहंच नाव निंगन, आणि थो तसाच उभा राहीन बाहेर. एका तोंडानं एकच नाव सांगता येते."

"मंग तुहं?"

"माहं राहू द्या. मी राह्यतो बाहेर. थो आत गेला का माह्या वाटचं बी बोलन. लय बोलते थो."

पाटलांनी काथवट खाली ठेवली आणि तिथंच बसून लहान लेकरासारखे रडू लागले. कमळा म्हणाली, "पण माय, तुले तं बाचं नाव घेता येत नाई. जलमभर घेतलं नाई तू." खरंच होतं ते. कमळीचा बा, आमचे हे, थो. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळीही ती लाजून पळाली होती.

"म्हून तं आताच घेऊन पाह्यतो," बुधरी म्हणाली. तिनं डोळे मिटले. ओठ दोनदा हलले, पण आवाज आला नाही.

"कोलू," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, वेशीवरच्या माणसाला ऐकू जावं तसं, पुन्हा म्हणाली, "कोलू."